समुद्रातून स्वयंपाकघरात

मुलांनो, तुम्ही कधी लालबागला गेला आहात का? गणेशोत्सवात तेथे फार गर्दी होते. तेव्हा कदाचित गेलाही असाल. तेथे एखाद्या जुन्या माणसाला पत्ता विचारा. ‘गॅस कंपनीच्या गल्लीतून जा’ असे उत्तर तुम्हांला ऐकायला मिळेल. मग तुमच्या मनात प्रश्न येईल, या गल्लीला असे नाव का पडले असेल?

यासाठी आपल्याला खूप मागे जावे लागेल. तेव्हा मुंबईत वीज नव्हती. लालबाग-परळ भागात बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना होता. तेथे दगडी कोळसा बंद भट्टीत तापवत. कोळसा तापला, की त्यातून जळणारा वायू निघे. तो वायू जमिनीखालच्या नळांतून शहरात नेत. ऑक्टोबर १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर या वायूचे दिवे प्रथम लागले. भेंडी बाजार, चर्चगेट स्ट्रीट आणि एस्प्लनेड या ठिकाणी ते लावले होते. संध्याकाळी दिवे लावणारा माणूस एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जाई. त्याच्या मागे लोकांची झुंबड उडे. तेल नाही, वात नाही, तरी दिवा कसा लागतो, हे पाहून लोक थक्क होत.

पुढे वीज आली. रस्त्यांवरचे वायूचे दिवे गेले. कोळशापासून वायू करणारा तो कारखानाही बंद झाला. गल्लीचे नाव मात्र राहिले. गंमत अशी, की आजही मुंबईच्या रस्त्यांखालून नळांतून वायू वाहतो. दादरच्या, गिरगावच्या अनेक घरांत तो स्वयंपाकासाठी येतो. रस्त्यावरच्या कितीतरी टॅक्सी आणि रिक्षा त्याच वायूवर धावतात. पण हा वायू लालबागच्या भट्टीत तयार होत नाही. तो कोठून येतो? चला, आज आपण त्याच्या उलट वाटेने जाऊ या.

तुम्ही गिरगाव चौपाटीवर उभे आहात, अशी कल्पना करा. समोर अरबी समुद्र आहे. आपले कोळी बांधव त्याला ‘दर्या’ म्हणतात. तुमच्या उर्दूत ‘दरिया’ म्हणजे नदी. मराठीत मात्र ‘दर्या’ म्हणजे समुद्र. या दर्यात किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर ‘मुंबई हाय’ नावाचे तेलक्षेत्र आहे. चौपाटीवरून ते दिसत नाही. क्षितिजाच्याही पलीकडे, भर समुद्रात ते आहे.

समुद्राच्या तळाखाली तेल आणि वायू आले कसे? लक्षावधी वर्षांपूर्वी समुद्रात अगणित सूक्ष्म जीव होते. ते मेले, की तळाशी साठत. त्यांवर गाळाचे थर बसत गेले. वरच्या थरांचा दाब वाढला. पृथ्वीच्या पोटातील उष्णता त्यांना मिळाली. त्यामुळे त्या जीवांच्या अवशेषांचे खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांत रूपांतर झाले. हे तेल आणि हा वायू तळघरात पाणी भरावे तसे साठलेले नसतात. स्पंजमध्ये पाणी असते, तसे ते दगडाच्या बारीक छिद्रांत असतात. मुंबई हाय येथील हा दगड मुख्यतः चुनखडीचा आहे.

हा साठा शोधणे सोपे नव्हते. १९५६ मध्ये भारत सरकारने तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन केला. त्यानंतर १९६० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने खंबायतच्या आखाताची आणि जवळच्या समुद्राची पाहणी झाली. जहाजावरून पाण्यात आवाजाच्या लहरी सोडत. त्या लहरी तळाखालच्या खडकांवर आपटून परत येत. त्यांवरून खडकांची ठेवण कळे. पण तेल आहे की नाही, हे भोक पाडल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी जपानमध्ये बांधलेला ‘सागर सम्राट’ नावाचा तरंगता मंच आणला. त्याला लोखंडाचे उंच पाय आहेत. ते पाय समुद्रतळावर टेकवायचे आणि मंच पाण्याच्या वर उचलायचा. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने केलेल्या खोदकामात तेल लागले. २१ मे १९७६ रोजी तेथून तेल काढण्यास सुरुवात झाली. घरी एक रुपयाची नवी नोट असेल, तर तिची मागची बाजू पाहा. तेथे तुम्हांला ‘सागर सम्राट’चे चित्र दिसेल.

तेल निघाले, की त्याबरोबर वायूही निघतो. तेल जहाजात भरून आणता येते. सुरुवातीला ते तसेच आणले जाई. पण वायूचे काय करायचे? वायू बादलीत भरता येत नाही. थोडासा वायूही पुष्कळ जागा व्यापतो. म्हणून सुरुवातीला तो समुद्रावरच जाळून टाकावा लागे. रात्रीच्या काळोखात ती ज्योत दूरवर दिसे. ज्या देशात लाखो घरांत चुलीसाठी लाकूडफाटा गोळा करावा लागत होता, तेथे एवढे इंधन वाया जात होते. यावर एकच उपाय होता, मुंबई हायपासून किनाऱ्यापर्यंत समुद्राच्या तळावरून नळ टाकायचा.

समुद्रतळावर सुमारे २०० किलोमीटर लांबीचा नळ कसा टाकतात, ठाऊक आहे का? कोणी पाणबुड्या खाली जाऊन नळाचे तुकडे जोडत बसत नाही. हे काम एका मोठ्या, सपाट जहाजावर चालते. पोलादी नळाचे साधारण १२ मीटर लांबीचे तुकडे जहाजावर एकापुढे एक ठेवतात. ते वितळजोड करून एकमेकांना जोडतात. मग प्रत्येक जोडाचा एक्स-रे काढतात. परळच्या के. ई. एम. इस्पितळात डॉक्टर मोडलेल्या हाडाचा एक्स-रे काढतात ना, तसाच! जोडात केसाएवढी भेग असली, तरी ती दिसते. तेवढा जोड कापून पुन्हा करतात. जोड पक्का झाला, की जहाज थोडे पुढे सरकते आणि तयार नळ मागच्या बाजूने हळूहळू पाण्यात उतरतो. पोलाद कडक असते. तरीही लांब नळ वेताच्या छडीसारखा थोडा वाकतो आणि तळावर जाऊन पडतो.

आता जरा हिशेब करा. १२ मीटरचा एक तुकडा. अंतर २०० किलोमीटर. म्हणजे सोळा हजारांहून अधिक जोड झाले! त्यांतला एकही कच्चा राहून चालत नाही.

आणखीही अडचणी असतात. वायूने भरलेला नळ हलका असतो. तो पाण्यात तरंगून वर येईल. म्हणून त्याच्याभोवती काँक्रीटचा जाड थर देतात. त्या वजनाने नळ तळावर पडून राहतो. दुसरा शत्रू म्हणजे गंज. खारे पाणी लोखंड खाऊन टाकते. म्हणून नळावर गंज न चढू देणाऱ्या पदार्थाचा लेप असतो. शिवाय ठिकठिकाणी नळाला जस्त किंवा ॲल्युमिनियम अशा धातूची कडी बसवतात. समुद्राचे पाणी आधी या धातूला खाते आणि पोलाद वाचते. स्वतः झिजून दुसऱ्याला वाचवणारा हा धातू पाहून आपल्याला मेणबत्तीची आठवण येते. किनाऱ्याजवळ पाणी उथळ असते. तेथे जहाजांचे नांगर आणि मच्छीमारांची जाळी नळाला अडकू शकतात. म्हणून तेथे नळ चर खणून पुरतात.

अशा नळांनी १९७८ मध्ये मुंबई हाय आणि रायगड जिल्ह्यातील उरण ही ठिकाणे जोडली गेली. एक नळ तेलाचा आणि एक वायूचा. भर समुद्रात जळून जाणारा वायू आता जमिनीवर येऊ लागला.

उरणला वायू स्वच्छ करतात. त्यातील काही भाग वेगळा काढून सिलिंडरमध्ये भरण्याचा गॅस तयार करतात. उरलेल्या वायूत मुख्यतः मिथेन असतो. उरण येथे या वायूवर वीज तयार करणारे केंद्र उभे राहिले. ठाण्याच्या खाडीखालून गेलेल्या नळाने वायू तुर्भ्याला म्हणजे ट्रॉम्बेला आला. तेथे त्यापासून शेतकऱ्यांसाठी खत होऊ लागले. म्हणजे विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या शेतात टाकलेल्या खतातही मुंबईच्या समुद्रातला वायू असू शकतो!

१९९५ मध्ये महानगर गॅस लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि शहरातील घराघरांत नळाने वायू देण्याच्या कामाला वेग आला. वडाळ्याला या वायूचे जणू प्रवेशद्वार आहे. मोठ्या नळातील वायूचा दाब फार जास्त असतो. तो तसाच स्वयंपाकघरात सोडता येत नाही. म्हणून टप्प्याटप्प्याने दाब कमी करतात. शेगडीपाशी पोचेपर्यंत तो अगदी थोडा उरतो. बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा तो जेमतेम पन्नासाव्या हिश्शाने जास्त असतो.

या वायूला मुळात वास नसतो. मग वायू गळला, तर कळणार कसे? म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. हा वास म्हणजे आपला पहारेकरी आहे. असा वास आला, तर काय करावे? प्रथम वायूची कळ बंद करावी. दारे-खिडक्या उघडाव्यात. काडी ओढू नये. विजेचे बटण लावू नये आणि बंदही करू नये, कारण त्या छोट्या ठिणगीनेही पेट घेऊ शकतो. मग घराबाहेर पडून मोठ्या माणसांना सांगावे. चाळीत राहणाऱ्यांनी तर हे नीट लक्षात ठेवावे. चाळीत एका घरातली चूक साऱ्या मजल्याला भोवते.

चूक केवढी महाग पडते, हे मुंबई हायनेही पाहिले आहे. २७ जुलै २००५ चा दिवस. आदल्याच दिवशी मुंबईत प्रचंड पाऊस पडला होता. समुद्र खवळलेला होता. ‘समुद्र सुरक्षा’ नावाच्या जहाजावरील एका खलाशाच्या बोटांना जखम झाली होती. त्याला उपचारासाठी मंचावर पोचवायचे होते. त्यासाठी जहाज मंचाच्या जवळ आणले. लाटांमुळे ते मंचावर आदळले. समुद्रतळावरून मंचावर चढणाऱ्या एका उभ्या नळाला धक्का लागला. नळ फुटला, वायू बाहेर आला आणि क्षणात आग भडकली. सुमारे दोन तासांत तो प्रचंड मंच जळून गेला. नौदल, तटरक्षक दल आणि आसपासची जहाजे धावून गेली. ३६२ माणसे वाचली. २२ माणसे मात्र परत आली नाहीत. एका जखमी माणसाला मदत करण्यासाठी निघालेल्या जहाजाकडून हे घडले. हेतू चांगला असला, तरी सावधपणा सोडून चालत नाही, हेच यातून दिसते. आपण शेगडी पेटवतो, तेव्हा भर पावसात समुद्रावर काम करणाऱ्या या माणसांची आठवण ठेवली पाहिजे.

मुलांनो, आता आणखी एक प्रश्न. मुंबई हाय आणि देशातील इतर ठिकाणचा वायू आपल्याला पुरतो का? नाही. लोकसंख्या वाढली, कारखाने वाढले, गाड्या वाढल्या. आज भारताला लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा परदेशांतून आणावा लागतो.

परदेशातून वायू आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग नळाचा. नॉर्वेतून उत्तर समुद्राच्या तळावरून इंग्लंडपर्यंत अकराशे किलोमीटरहून लांब नळ गेला आहे. त्यातून २००६ पासून वायू जाऊ लागला. आखाती देशांतही असा नळ आहे. कतारचा वायू समुद्राखालून संयुक्त अरब अमिरातीला २००७ पासून मिळू लागला. तुमच्यापैकी कोणाचे काका किंवा मामा दुबईला नोकरी करत असतील. तेथील दिव्यांना लागणारी वीज अशाच वायूपासून तयार होते.

ओमानपासून भारतापर्यंत समुद्राखालून नळ टाकावा, असा विचार १९९० च्या दशकात झाला होता. पण मधला समुद्र फार खोल आहे. काही ठिकाणी तर तो तीन किलोमीटरहून जास्त खोल आहे. मुंबई हाय येथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. या दोन आकड्यांतला फरक पाहा, म्हणजे काम किती अवघड होते, हे कळेल. तो नळ झाला नाही. तुर्कमेनिस्तानमधून अफगाणिस्तान व पाकिस्तान या देशांतून भारतात नळ आणण्याची योजनाही आखली गेली. २०१५ च्या डिसेंबरमध्ये तुर्कमेनिस्तानात तिचे काम सुरू झाले. पण तो वायू भारतात पोचलेला नाही. नळ टाकायला पोलाद आणि पैसा लागतो. पण ज्या ज्या देशांतून नळ जातो, त्यांचा एकमेकांवर विश्वासही लागतो. रशियातून बाल्टिक समुद्राखालून जर्मनीला गेलेले नळ सप्टेंबर २०२२ मध्ये स्फोटांनी फुटले. वर्षानुवर्षे खपून बांधलेली वाट एका दिवसात मोडली.

दुसरा मार्ग जहाजाचा. वायू जहाजात भरता येत नाही, असे आपण मघाशी पाहिले. पण तो उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तर त्याचे पाणी होते, म्हणजे तो द्रवरूप होतो. मग त्याला लागणारी जागा सुमारे सहाशे पटीने कमी होते. सहाशे खोल्या भरतील एवढा वायू एका खोलीत मावतो! थर्मासच्या बाटलीसारख्या टाक्या असलेल्या जहाजांतून हा द्रव आणतात आणि बंदरात पुन्हा त्याचा वायू करतात. २००४ मध्ये गुजरातमधील दहेज बंदरात कतारहून असा वायू येऊ लागला. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळलाही २०१३ मध्ये अशी सोय सुरू झाली.

या वायूची खरेदी-विक्री कशी चालते, हे समजायला लालबाग-परळची खाणावळ आणि दादरचा फुलबाजार उपयोगी पडतील. समजा, एका गिरणी कामगाराने खाणावळीत महिन्याचे पैसे ठरवले. रोज दोन वेळा जेवण मिळणार, हे नक्की. पण तो चार दिवस गावाला गेला, तरी पैसे पूर्ण द्यावे लागतात, कारण मालकाने त्याच्या भरवशावर धान्य भरलेले असते. देशादेशांतले लांब मुदतीचे करार असेच असतात. विकणाऱ्याने ठरलेला वायू द्यायचा. घेणाऱ्याने तो घेतला नाही, तरी ठरलेले पैसे द्यायचे. अशा करारांमुळेच विहिरी, नळ, जहाजे यांसाठी लागणारा प्रचंड खर्च करण्याचे धाडस होते.

आता पहाटे दादरच्या फुलबाजारात जा. तेथे भाव रोज वेगळा. झेंडू जास्त आला, की भाव उतरतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मागणी वाढते आणि भाव चढतो. काही वायूही असाच त्या त्या वेळच्या भावाने विकला जातो. २०२२ मध्ये रशिया आणि युक्रेन यांचे युद्ध सुरू झाले. युरोपला वायू कमी पडू लागला. तेथील देश चढ्या भावाने जहाजेच्या जहाजे विकत घेऊ लागले. लढाई हजारो किलोमीटर दूर होती; पण वायूचा भाव भारतातही वाढला. मुंबईतल्या रिक्षावाल्याला आणि टॅक्सीवाल्याला त्याची झळ लागली. म्हणून शहाणा गिऱ्हाईक काय करतो? रोजच्या जेवणासाठी खाणावळ ठरवतो आणि जास्तीचे लागले, तरच बाजारात जातो. देशालाही तसेच करावे लागते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही करारात लिहिलेली नसते. जमिनीखालचा आणि समुद्राखालचा हा साठा संपणारा आहे. तो तयार व्हायला लक्षावधी वर्षे लागली. तो पुन्हा भरणार नाही. शिवाय वायू कोळशापेक्षा कमी धूर करतो हे खरे. पण तो जळल्यावरही कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतोच. म्हणून सूर्य आणि वारा यांपासून वीज मिळवण्याचे प्रयत्न वाढले पाहिजेत. तोपर्यंत जो वायू आहे, तो जपून वापरणे आपल्या हाती आहे.

भांड्यावर झाकण ठेवले, तर डाळ लवकर शिजते. तांदूळ आणि डाळ आधी भिजत घातली, तर वायू कमी लागतो. सगळी तयारी झाल्यावरच शेगडी पेटवावी. या गोष्टी तुमच्या आईला नक्कीच माहीत असतील. पण पुढच्या वेळी तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, की त्या निळ्या ज्योतीकडे क्षणभर पाहा. समुद्राचा तळ, सोळा हजार जोड, पावसात काम करणारी माणसे आणि दूरदूरच्या देशांनी एकमेकांना दिलेला शब्द, हे सारे त्या ज्योतीच्या मागे उभे आहे. मग काम झाल्याबरोबर कळ बंद करायला तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही.

शब्दार्थ

झुंबड – गर्दी
थक्क होणे – आश्चर्य वाटणे
क्षितिज – आकाश आणि समुद्र जेथे टेकल्यासारखे दिसतात ती रेषा
अवशेष – शिल्लक राहिलेला भाग
मंच – उंच व्यासपीठ. येथे समुद्रात काम करण्यासाठी उभारलेली जागा
वितळजोड – धातू वितळवून केलेला सांधा
चर – लांब खड्डा
उग्र – तीव्र
भोवणे – वाईट परिणाम होणे
झळ लागणे – त्रास पोचणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे प्रथम केव्हा लागले?
(आ) समुद्रातील नळावर काँक्रीटचा थर का देतात?
(इ) वायूत उग्र वासाचे द्रव्य का मिसळतात?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) समुद्रतळावर नळ कसा टाकतात?
(आ) खाणावळीच्या उदाहरणावरून लेखकाने काय समजावून दिले आहे?

३. ‘मराठीतला दर्या आणि उर्दूतला दरिया’ यांच्या अर्थांत काय फरक आहे? जहाज, जमीन, करार, कारखाना, बाजार हे शब्दही उर्दूत आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

४. तुमच्या घरी स्वयंपाकासाठी कोणते इंधन वापरतात? ते वाचवण्याचे तीन उपाय घरच्यांना विचारून लिहा.